विश्लेषण : दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे पटावर लढू लागले तर? चकमकीचा खेळ घरच्या घरी कसा सुरू करायचा?

दिवाळी सरते, तुळशीचे लग्न लागते आणि अंगणातला किल्ला मोडायची वेळ येते. अळीव आणि मोहरीचे हिरवे रान तोवर पिवळे पडलेले असते. मावळे, तोफा, पहारेकरी आणि सिंहासनावरची महाराजांची मूर्ती वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात जातात आणि खोके माळ्यावर. कुंडलिकेच्या एका काठावर रोहा, दुसऱ्या काठावर अष्टमी आणि शेजारी अवचितगड अशा मुलखात तर मुलांना किल्ला म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. पण चार दिवस मांडलेला हा सगळा संसार केवळ पाहण्यासाठी असतो. मावळा बुरुजावर उभा केला की पुढे तो काहीच करत नाही.

जगात अनेक ठिकाणी मोठी माणसे जवळपास अशाच मूर्ती, अशाच टेकड्या मांडतात आणि त्यांच्याशी खेळतात. हातात मोजपट्टी, खिशात फासे आणि समोर बोटाच्या पेराएवढे सैनिक. इंग्रजीत त्याला ‘मिनिएचर स्कर्मिश वॉरगेम’ म्हणतात. मराठीत त्याला आयता शब्द आहे : चकमकीचा खेळ. आपल्याकडे मूर्ती आहेत, डोंगर बनवण्याची हातोटी आहे, लढायांच्या गोष्टी तर तोंडपाठ आहेत. कमी आहे ती फक्त नियमांची.

हा खेळ नेमका काय आहे?

बुद्धिबळात पट घरांमध्ये विभागलेला असतो आणि घोडा अडीच घरेच चालतो. चकमकीच्या खेळात घरे नसतात. पटावर खरोखरीची छोटी भूमी असते : उंचवटा, झाडी, ओढा, पडकी भिंत. सैनिक किती चालला हे मोजपट्टीने इंचांत मोजायचे. त्याने मारलेली गोळी लागली की नाही हे फासा ठरवतो. आणि त्याला समोरचा शत्रू दिसतो का, हे ठरवायला खेळाडूने डोके पटाच्या पातळीवर आणून सैनिकाच्या नजरेतून पाहायचे. मधे झाड आले तर नेम नाही.

मोठ्या लढाईच्या खेळात एकेका बाजूला शंभर-दीडशे मूर्ती लागतात आणि त्या पलटणीने हलतात. चकमकीत पाच ते पंधरा पुरतात आणि प्रत्येक मूर्ती स्वतंत्रपणे चालते, लपते, पळते. म्हणून नवख्याने चकमकीपासूनच सुरुवात करावी. पंधरा मूर्ती रंगवून होतात. दीडशे रंगवायला घेतल्या की बहुतेक जण तिसाव्या मूर्तीला कंटाळतात.

तो आला कुठून?

पटावर सैन्य मांडण्याची कल्पना भारताला नवी नाही. हत्ती, घोडे, रथ, पायदळ अशी चार अंगे असलेले चतुरंग इथलेच आणि फाशांवर सोंगट्या चालवणारा सारीपाटही इथलाच. मोजपट्टी आणि नकाशावरचा युद्धखेळ मात्र प्रशियाच्या सैन्यातून आला. राइस्विट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने वडिलांच्या प्रयोगावर काम करून १८२४ मध्ये ‘क्रीगश्पील’चे नियम छापले आणि अधिकाऱ्यांच्या शिक्षणात तो खेळ रुजला. घरगुती खेळ म्हणून त्याला लोकप्रिय केले ते कादंबरीकार एच. जी. वेल्स यांनी. त्यांचे ‘लिटल वॉर्स’ १९१३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात फासे नव्हते. लाकडी गोळी उडवणाऱ्या खेळण्यातल्या तोफेने समोरचा शिपाई खरोखर पाडायचा असे. वेल्स युद्धाच्या विरोधातले होते. खऱ्या लढाईपेक्षा ही छोटी लढाई किती बरी, असे त्यांचे म्हणणे होते. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले.

आज या क्षेत्रातले सर्वात ठळक नाव ब्रिटनमधल्या ‘गेम्स वर्कशॉप’ कंपनीचे. तिचा ‘वॉरहॅमर’ १९८३ मध्ये आला, अंतराळातल्या युद्धाचा ‘वॉरहॅमर ४०,०००’ १९८७ मध्ये. त्याच विश्वातला ‘किल टीम’ हा चकमकीचा खेळ. जोसेफ मॅकलॉ यांचा ‘फ्रॉस्टग्रेव्ह’ २०१५चा. त्यात एक जादूगार, त्याचा शिष्य आणि भाडोत्री शिपाई एवढीच टोळी असते आणि कुठल्याही कंपनीच्या मूर्ती चालतात.

सुरुवातीला काय विकत घ्यायचे?

जवळजवळ काहीच नाही. इथेच अनेक जण चुकतात. यूट्यूबवर रंगवलेल्या मूर्ती पाहून आधी परदेशी खोके मागवले जाते. त्याला काही हजार रुपये जातात, मूर्ती साच्यातून कापून जोडाव्या लागतात, रंग वेगळे घ्यावे लागतात आणि समोर खेळायला कोणी नसेल तर सगळे कपाटात पडून राहते. आधी खेळ आवडतो का ते पाहावे, खोके नंतर.

पट घरातच असतो. पूर्ण मापाच्या कॅरम बोर्डची खेळायची जागा साधारण २९ इंच चौरस भरते आणि चकमकीच्या बहुतेक खेळांना दोन ते तीन फुटांची बाजू लागते. बोर्डावर जुनी खाकी किंवा हिरवी चादर पसरावी, म्हणजे पॉलिशला ओरखडे पडत नाहीत. चादरीखाली पुस्तके सरकवली की डोंगर तयार. एकावर एक दोन जाड पुस्तके म्हणजे चढ, तीन म्हणजे कडा. कॅरमच्या सोंगट्यांचाही उपयोग आहे : त्यांचा व्यास सुमारे तीन सेंटिमीटर असतो आणि त्या मूर्तीखालची बैठक म्हणून अगदी बेतशीर बसतात. डिंकाने कायमच्या चिकटवू नयेत. दुतर्फी चिकटपट्टी वापरली तर संध्याकाळी कॅरमही खेळता येतो.

फासे लुडोच्या डब्यातले. मोजपट्टी शिवणाच्या पेटीतली. वितीने मोजण्याचा मोह टाळावा, कारण बापाची वीत आणि लेकीची वीत यांत दोन इंचांचा फरक पडतो आणि पहिले भांडण तिथेच होते. आइसक्रीमच्या काडीवर चार इंचांची खूण करून ती दोघांनी वापरावी.

झाडीसाठी कोकणात पैसे खर्च करणे म्हणजे विनोदच. नारळाच्या सोडणातला काथ्या मोकळा करून हिरव्या रंगात बुडवला की दाट झुडूप होते. अंगणातला जांभ्याचा खडा पटावर कातळासारखा दिसतो. दिवाळीच्या किल्ल्यावर पसरायचा रंगीत भुसा इथेही चालतो आणि निळ्या कापडाची पट्टी म्हणजे नदी. परदेशात अशी भूमी तयार विकत मिळते आणि ती महाग असते.

मावळे कुठून आणायचे?

दिवाळीत बाजारात मिळणारे मावळे प्लास्टरचे किंवा मातीचे असतात आणि आकाराने मोठे, कधी तीन इंच, कधी वीतभर. चकमकीच्या खेळातली प्रचलित मूर्ती ‘२८ मिलिमीटर’ची, म्हणजे पायापासून डोळ्यांपर्यंत सव्वा इंचाच्याही आत. मोठे मावळे वापरायचे असतील तर कॅरम बोर्ड सोडून ओसरी किंवा गच्ची गाठावी आणि खाली दिलेली सगळी अंतरे तिप्पट करावीत. वेल्सही आपली युद्धे जमिनीवरच मांडत. दिवाळीत किल्ला उभा असतानाच त्याच्या पायथ्याशी असा डाव मांडला तर किल्ल्यालाही काही काम मिळेल.

कॅरम बोर्डावर खेळायचे तर सर्वात सोपा मावळा कागदाचा. जाड कार्डशीट दुमडून दोन्ही बाजूंना सव्वा इंचाची आकृती काढायची, खालची पट्टी सोंगटीवर चिकटवायची. एका संध्याकाळी वीस होतात. पहिल्या पाच-सहा डावांना याहून अधिक काही लागत नाही.

हाताला मातीची सवय असेल तर शाडू आहेच. इथे रायगडकरांची बाजू भक्कम आहे. पेण आणि आसपासच्या हमरापूर, जोहे या गावांतल्या गणपती कारखान्यांनी मूर्तिकाम हा घराघरातला धंदा केला. त्या कामातले दोन-तीन धडे छोट्या मूर्तीला जसेच्या तसे लागू पडतात. पहिला : बारीक अवयव नुसत्या मातीचा करू नये. सव्वा इंचाच्या शाडूच्या मावळ्याचा हात वाळताना तडकतो. आत तांब्याची बारीक तार घालावी. भाल्यासाठी खराट्याचा हीर उत्तम. तो सरळ असतो, हलका असतो आणि तुटला तर घरात शंभर शिल्लक असतात. दुसरा : रंगाचा एक जाड थर देण्यापेक्षा दोन पातळ थर द्यावेत. जाड रंगात चेहऱ्याची घडण बुजते. आधी पांढरा किंवा करडा अस्तर, तो पूर्ण वाळल्यावर अंगरखा, मग पागोटे आणि कंबरपट्टा. शेवटी तपकिरी रंग भरपूर पाण्यात कालवून वरून सोडला की तो चुण्यांमध्ये उतरतो आणि मूर्तीला एकदम उठाव येतो. परदेशी छंदात याला ‘वॉश’ म्हणतात आणि त्याच्या बाटल्या विकतात.

तिसरा धडा डोळ्यांचा. गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी सरावलेल्या हाताकडेच असते, कारण तिथे चूक झाली तर मूर्तीचा भावच बदलतो. सव्वा इंचाच्या मावळ्यात डोळे म्हणजे दोन ठिपके; ते चुकले तर मावळा दचकलेला दिसतो. नवख्याने डोळे रंगवूच नयेत. भुवईखाली गडद सावली सोडली तरी हातभर अंतरावरून डोळे असल्याचा भास होतो.

रंग ॲक्रिलिकचे घ्यावेत. पोस्टर कलर स्वस्त पडतो, पण खेळताना मूर्ती शंभर वेळा हाताळली जाते आणि घामाच्या बोटांनी तो रंग निघतो. पोस्टर कलरच वापरला असेल तर वरून पारदर्शक वॉर्निशचा हात आवश्यक.

लढाई कोणती? उंबरखिंडच का?

पहिल्या डावाला गोष्ट हवी. नुसते ‘दोन टोळ्या भेटल्या आणि लढल्या’ यात रंग भरत नाही. रायगड जिल्ह्यात ही गोष्ट शोधायला लांब जावे लागत नाही.

शाहिस्तेखान पुण्यात तळ देऊन बसला होता. कोकणातला मुलूख घेण्यासाठी त्याने उझबेक सरदार कारतलबखानाला सह्याद्री उतरायला पाठवले. सोबत माहूरची रायबागन होती. लोणावळ्याजवळच्या कुरवंडे घाटाने फौज खाली उतरली ती अंबा नदीच्या खोऱ्यातल्या अरुंद, जंगलाने वेढलेल्या वाटेत. पुढे मोकळा मुलूख होता. आज रोहे तालुक्यात असलेले नागोठणेही त्याच दिशेला. २ फेब्रुवारी १६६१ या दिवशी सगळी फौज खिंडीत शिरेपर्यंत मराठ्यांनी वाट पाहिली. मग दोन्ही तोंडे बंद झाली. पुढची बाजू खुद्द शिवाजी महाराजांनी धरली होती, मागे नेताजी पालकर होते आणि दोन्ही अंगांच्या उतारांवर झाडीत मावळे दबा धरून होते. खानाला पुढे जाता येईना, मागे फिरता येईना, आणि हजारोंची फौज असूनही एका वेळी लढू शकतील इतकी माणसे फळीत उभी राहीनात. शेवटी रायबागनने शरण जाण्याचा सल्ला दिला, खानाने तो ऐकला आणि सामान-संपत्ती मागे ठेवून जीव वाचवून परतला. परमानंदांच्या ‘शिवभारता’त या लढाईचे वर्णन आहे. खालापूर तालुक्यात छावणी गावाजवळ तिचे स्मारक आहे. पाली-खोपोली भागातून जाताना वाकडी वाट करून ती जागा एकदा पाहावी. तिथे उभे राहिले की पट कसा मांडायचा ते आपोआप कळते.

खेळ म्हणून ही लढाई चांगली आहे, कारण इथे संख्या आणि जागा यांचा झगडा आहे. एका बाजूकडे माणसे जास्त, दुसरीकडे डोंगर. आणि तिचा शेवट कत्तलीत झालेला नाही, एका निर्णयात झाला आहे.

डाव कसा मांडायचा?

कॅरम बोर्डाच्या एका बाजूकडून समोरच्या बाजूपर्यंत चार इंच रुंदीची वाट सोडावी. तिच्या दोन्ही अंगांना चादरीखाली पुस्तके ठेवून उतार करावेत आणि त्यांवर काथ्याची झाडी पसरावी. खानाकडे बारा शिपाई, त्यांपैकी चार बंदूकवाले, आणि सामान लादलेले दोन बैल. ही सगळी रांग एकेरी, तिचे पहिले माणूस पटाच्या मध्यावर, बाकीचे त्याच्या मागे. मराठ्यांकडे आठ मावळे, त्यांतले दोन बंदूकवाले. पण ते सुरुवातीला दिसत नाहीत. मराठ्यांच्या खेळाडूने कागदाच्या सहा चिठ्ठ्या उतारांवर पालथ्या ठेवायच्या. चार चिठ्ठ्यांखाली दोन-दोन मावळे आहेत, दोन कोऱ्या आहेत. मावळ्यांना हलवायचे ठरवले किंवा शत्रू चार इंचांच्या आत आला की चिठ्ठी उलटते आणि मूर्ती पटावर येतात. गनिमी कावा यापेक्षा सोप्या रीतीने पटावर आणता येत नाही.

खेळाडूंनी आळीपाळीने एकेक मूर्ती हलवायची. दोन्ही बाजूंच्या सगळ्या मूर्तींची पाळी झाली की एक फेरी संपली. शिपाई वाटेवर चार इंच चालतो, उतारावर किंवा झाडीत दोन. बैल तीन इंच, तोही वाटेवरच. चालून झाल्यावर बंदूक भरलेली असेल तर झाडता येते : पल्ला बारा इंच, समोरचा दिसला पाहिजे, फाशावर पाच किंवा सहा पडले की लागली. तो झाडीत असेल तर सहाच हवा. एकदा झाडली की ती तोड्याची बंदूक पुन्हा भरायला एक पूर्ण पाळी जाते, त्या पाळीत चालायचे नाही. लागलेली मूर्ती पटावरून उचलायची. ती मेली असे समजायची गरज नाही. जखमी होऊन लढाईबाहेर गेली एवढेच.

दोन शत्रू एकमेकांना भिडले की दोघांनी फासा टाकायचा. जास्त आकडा जिंकतो. फरक तीन किंवा अधिक असेल तर हरलेला पटाबाहेर, त्याहून कमी असेल तर तो एक इंच मागे हटतो, बरोबरी झाली तर दोघे तिथेच. जो उंचावर उभा आहे त्याच्या फाशात एक मिळवायचा. सोबतीला आणखी एक साथीदार त्याच शत्रूला भिडलेला असेल तर आणखी एक. एकट्या बैलाला मावळा भिडला आणि शेजारी खानाचा शिपाई नसला की बैल मराठ्यांचा.

हिंमतीचा नियम वेगळा ठेवावा, कारण खऱ्या लढाया माणसे मरण्याआधी हिंमत सुटल्याने संपतात. एखाद्या बाजूची अर्धी माणसे गेली की त्या बाजूने प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला एक फासा टाकायचा. एक किंवा दोन पडले तर शत्रूच्या सर्वात जवळचा शिपाई पळाला.

आठव्या फेरीअखेर अंधार पडतो. खानाला पुढच्या तोंडातून बाहेर निघालेल्या प्रत्येक शिपायाचा एक गुण आणि प्रत्येक बैलाचे तीन. अंधार पडताना खिंडीतच राहिलेल्यांचा गुण नाही. मराठ्यांना पाडलेल्या किंवा पळालेल्या प्रत्येक शिपायाचा एक आणि पकडलेल्या बैलाचे तीन.

आणि शेवटचा नियम रायबागनचा. तिसरी फेरी झाल्यानंतर कुठल्याही फेरीच्या सुरुवातीला खान शरण जाऊ शकतो. तसे केले तर पटावरचे बैल मराठ्यांचे, आणि खानाला जिवंत राहिलेल्या प्रत्येक शिपायाचा एक गुण.

हा नियम डावाचा प्राण आहे. चौथ्या फेरीला नऊ शिपाई शिल्लक असताना शरण गेले तर खानाचे नऊ गुण होतात. मराठ्यांचेही नऊ : तीन शिपायांचे आणि दोन बैलांचे. हट्टाने लढत राहून पाच शिपाई आणि एक बैल बाहेर काढला तर आठच. पण तोंड फोडून सगळे निघून गेले तर? म्हणून खान होणाऱ्याच्या कपाळावर आठ्या पडतात. खेळ पाहणारी वडीलधारी मंडळी याच वेळी सल्ले द्यायला लागतात, त्यांना रायबागन समजून ऐकून घ्यावे.

डोंगराचा फायदा खरोखर किती?

दोन फाशांचे एकूण ३६ जोड होतात. सपाटीवर एकास एक भिडले तर त्यांतल्या सहा जोडांत एक पडतो आणि सहा जोडांत दुसरा, हिशेब सारखा. आता मावळा उंचावर आहे असे धरा. एक मिळवला की त्याचे पाडण्याचे जोड सहावरून दहा होतात आणि शत्रूचे सहावरून तीन. उंचीही आहे आणि साथीदारही भिडला आहे, म्हणजे दोन मिळवले, तर मावळ्याकडे पंधरा आणि शत्रूकडे फक्त एक. पंधरास एक. फाशात मिळवलेला आकडा क्षुल्लक दिसतो, परिणाम क्षुल्लक नसतो. शाळेत संभाव्यतेचा धडा शिकवताना याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल. कोणत्याही मुलाला कागदावर सहा बाय सहाचा तक्ता काढून हे स्वतः मोजता येते.

हे कळले की ‘अरुंद वाटेत मोठी फौज निरुपयोगी ठरली’ हे पाठ्यपुस्तकातले वाक्य पाठ करावे लागत नाही. खान होणाऱ्याला रांगेतले शेवटचे पाच शिपाई चार फेऱ्या नुसते उभे असलेले दिसतात. माणसे असून उपयोगाला येत नाहीत, हा त्रास त्याला स्वतःला होतो.

खान कोण होणार? आणि महाराज हरले तर?

मराठी घरात हा खेळ अडतो तो याच प्रश्नावर. परदेशी खेळात दोन्ही बाजू काल्पनिक असतात, तिथे ‘दुष्ट’ टोळीच आधी निवडली जाते. उंबरखिंडीत मात्र सगळ्यांनाच मावळे हवे असतात. यावर जुना उपाय आहे : दोन डाव खेळायचे, बाजू बदलायच्या आणि खान म्हणून कोणाला जास्त गुण मिळाले ते पाहायचे. जिंकणारा म्हणजे ज्याने वाईट जागेतून जास्त माणसे वाचवली तो. असे केले की खान होणे ही शिक्षा उरत नाही. मराठ्यांची बाजू खेळणाऱ्याचीही जबाबदारी वाढते. त्याने चिठ्ठ्या घाईने उलटल्या आणि खानाची शेपटी खिंडीबाहेर राहिली तर बेत फसतो. खऱ्या लढाईत तो फसला नाही, कारण तेवढा वेळ संयमाने वाट पाहिली गेली. आयता विजय देणाऱ्या खेळात हा संयम दिसतच नाही. डाव हरण्याची शक्यता असली तरच जिंकणाऱ्याने काय केले होते ते उमगते.

महाराजांच्या मूर्तीचा प्रश्न मात्र नाजूक आहे आणि तो नाजूकपणेच हाताळावा. ज्या मूर्तीला दिवाळीत फूल वाहिले जाते तिला फाशावर ‘पाडणे’ अनेक घरांत कोणालाच रुचणार नाही आणि तसे करण्याची गरजही नाही. चकमकीच्या खेळात खेळाडू हा एखाद्या तुकडीचा नाईक असतो, राजा नव्हे. महाराजांची मूर्ती खिंडीच्या पुढच्या टोकाला, पटाबाहेरच्या उंच जागी ठेवावी. ती हलत नाही, तिच्यावर नेम धरता येत नाही. तिचा परिणाम एकच : त्या मूर्तीच्या नजरेच्या टप्प्यात एक जरी मावळा असला तरी मराठ्यांना हिंमतीचा फासा टाकावा लागत नाही. खेळ म्हणून हा नियम बळकट आहे आणि घरातल्या आजीलाही तो पटण्यासारखा आहे.

दुसरी काळजी मुलांच्या तोंडच्या भाषेची. समोरची बाजू म्हणजे आजच्या कुठल्या समाजाची माणसे, असे खेळात शिरू देऊ नये. कारतलबखान मोगलांचा सरदार होता, रायबागन माहूरची होती, आणि त्या फौजेत अनेक मुलखांची माणसे पगारावर लढत होती. मोठ्या माणसाने पहिल्या डावाआधी एवढे सांगितले तरी पुरते.

पुढे काय?

चार-सहा डाव झाले की नियमांतल्या फटी दिसू लागतात. बंदूक फारच प्रभावी वाटली तर पल्ला दहा इंच करावा. खान सारखाच हरत असेल तर मराठ्यांची एक खरी चिठ्ठी कमी करावी. नियम दुरुस्त करणे हाही या छंदाचा भाग आहे. मग स्वतःचे डाव रचता येतात. एका काठावरून दुसऱ्या काठावर नदी ओलांडणारी तुकडी आणि पलीकडे पहारा, असा काल्पनिक डाव अष्टमीच्या मुलांना सुचायला वेळ लागणार नाही; नदी रोजच्या पाहण्यातली आहे. वाचलेल्या शिपायाला पुढच्या डावात एखादा गुण वाढवून द्यायचा, जखमी झालेल्याला एक डाव बाहेर बसवायचे, अशी मालिका सुरू झाली की कागदाच्या मावळ्यांनाही नावे पडतात.

तयार नियम हवे असतील तर ‘वन पेज रूल्स’सारख्यांचे मूळ नियम इंटरनेटवर फुकट मिळतात. ते इंग्रजीत आहेत, पण दहावीच्या मुलाला जमतील इतके सोपे. परदेशी खोके घ्यायचेच झाले तर दोघांत एक घ्यावे आणि मूर्ती वाटून घ्याव्यात. मुंबई-पुण्यात बोर्ड गेमचे कॅफे आहेत, तिथे खरेदीआधी खेळून पाहता येते. थ्री-डी प्रिंटरवर मूर्ती छापून देणारेही शहरांत मिळतात. मात्र रेझिनचा प्रिंटर घरी आणायचा विचार असेल तर हातमोजे आणि मोकळी हवा या दोन गोष्टींशिवाय नको, कारण न वाळलेले रेझिन त्वचेला त्रासदायक असते.

हंगाम मात्र दिवाळीचाच धरायला हवा असे नाही. कोकणात जूनपासून चार महिने मुले घरात अडकतात, तेव्हा हा खेळ खरा उपयोगी पडतो. फक्त त्या दिवसांत दमट हवेने कार्डशीटचे मावळे वाकतात आणि वॉर्निश न केलेला शाडू ओल धरतो. मूर्ती घट्ट झाकणाच्या डब्यात, तळाशी कोरडे तांदूळ पसरून ठेवाव्यात आणि डाव संपल्यावर हीर मोडलेले भाले त्याच दिवशी बदलावेत.